बरक्या फणसाची पोळी आणि आपल्या हाताची किंमत

वैशाखी पौर्णिमा जवळ आली की सावर्डे परिसरातल्या वाड्यांवर फणसाचा घमघमाट सुटतो. मुंबईचे चाकरमानी मुलाबाळांसह गावी येतात. कापा फणस सगळ्यांनाच हवा असतो, त्याला गिऱ्हाईकही मिळते. बरका मात्र मऊ आणि रसाळ. पिकला की लगेच उतरतो, लांबच्या बाजारात नेता येत नाही. म्हणून तो पुष्कळदा झाडाखालीच सडतो. आणि त्याच वेळी आपली मुले दुकानातल्या रंगीत पुड्यांसाठी हट्ट धरतात!

भगिनींनो, या बरक्याचीच उत्तम फणसपोळी होते.

हाताला आणि विळीला खोबरेल तेल लावून गरे काढावेत. आठळ्या वेगळ्या कराव्यात. त्या टाकू नयेत, वाळवून ठेवाव्यात. पावसाळ्यात भाजून किंवा भाजीत घालून खाता येतात. गरे चाळणीवर घासून रस काढावा, म्हणजे चोथा वर राहतो. रस गोड असेल तर साखर नकोच. कमी गोड असल्यास किलोभर रसाला शंभर ग्रॅम साखर व चिमूटभर मीठ पुरे. ताटाला तुपाचा हात लावून भाकरीइतका जाड थर पसरावा. वर पातळ स्वच्छ कापड बांधून ताट कडक उन्हात ठेवावे. वरची बाजू बोटाला चिकटेनाशी झाली की पोळी उलटावी. तीन-चार दिवसांत ती वाळते. संध्याकाळी ताटे घरात घ्यावीत; दव लागले तर बुरशी येते. मिरगाचा पाऊस येण्याआधी काम उरकावे आणि पोळ्या कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात.

आंब्याचे साठही असेच करतात. रातांब्याच्या साली मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवल्या की आमसुले होतात.

घरची गरज भागली की विक्रीचा विचार जरूर करा. आपल्या आज्या-पणज्यांच्या हातालाही चव होती, पण त्यांच्या हातचा खाऊ विकत घेणार कोण? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तर सनातन्यांनी ते तळे 'शुद्ध' करून घेतले. जिथे पाणी बाटत होते, तिथे खाऊची काय कथा! ते महाड आणि आपले सावर्डे एकाच मुंबई-गोवा महामार्गावर आहेत. म्हणून पुडीवर आपले नाव आणि गाव ठळक लिहा. दुसऱ्याच्या नावाखाली माल देऊ नका.

किंमत ठरवतानाही सावध राहा. साखर किती, पिशवी किती हे आपण मोजतो. गरे काढण्याची आणि चार दिवस राखण करण्याची मजुरी मात्र धरत नाही. दुसऱ्याच्या बागेत गेलो असतो तर रोज मिळालाच असता ना? तोच रोज इथेही धरा. चार-पाच जणींनी मिळून काम केले तर हिशेबाची वही ठेवा आणि ती शिकलेल्या मुलीच्या हाती द्या.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे घरी करून विकणाऱ्यांनाही नोंदणी लागते, ती आधी करून घ्या. फळप्रक्रियेची माहिती हवी असल्यास आपल्याच जिल्ह्यात दापोलीला १९७२ साली स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ आहे. तिथे विचारायला संकोच कसला? ते आपलेही आहे.

यंदा बरका सडू देऊ नका. पहिली पोळी मुलांच्या हातावर ठेवा, दुसरी बाजारात न्या.

जयभीम!