घरच्या पडद्यावरील खरें चित्र

चित्र पाहणें सोपें आहे; परंतु तें जसें काढलें तसेंच पाहणें तितकें सोपें नाहीं. ह्याचा अनुभव मला गेल्या नाताळच्या सुटींत आला.

त्या दिवशीं सायंकाळीं घरचीं मुलें व मस्तगडच्या आमच्या आळींतील दोनतीन वृद्ध मंडळी एकत्र जमलीं होतीं. मुलांनीं संगणक मोठ्या टीव्हीस जोडून ‘श्यामची आई’ हा चित्रपट लाविला. आचार्य अत्रे यांनीं 1953 सालीं काढलेल्या ह्याच चित्रपटास पुढच्या वर्षीं राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें. आलेल्या आजोबांपैकीं एकांनीं तो लहानपणीं फिरत्या तंबूंतील पडद्यावर पाहिला होता. अर्धा तास झाल्यावर ते म्हणाले, “अरे, हा तोच चित्रपट का? आईचा चेहरा असा रुंद नव्हता. आणि घरांतल्या अंधाऱ्या प्रसंगांत तर ती कोठें बसली आहे हेंच दिसत नाहीं.” मुलांनीं उत्तर दिलें, “आजोबा, जुने चित्रपट असेच असतात.”

ह्या उत्तरानें माझें समाधान झालें नाहीं. जुना चित्रपट म्हणजे अंधुक, ओबडधोबड आणि धांवत्या बाहुल्यांचा खेळ, अशी समजूत आपल्या मुलांच्या मनांत दृढ झाली, तर ती मोठी हानि होय. कारण आज आपल्या हातीं जें आहे तें पुष्कळ नाशांतून वांचलेलें आहे. दादासाहेब फाळके यांनीं 1913 सालीं मुंबईंत दाखविलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटाचा कांहीं भागच आतां उपलब्ध आहे. 1964 सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें आणि जुन्या फिल्मी एकत्र होऊं लागल्या. पण 2003 सालीं पुण्यांतच लागलेल्या आगींत ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मींचा मोठा सांठा जळून गेला. इतक्या संकटांतून जें आपल्या घरापर्यंत आलें, तें शेवटच्या चार हातांच्या अंतरांत आपणच बिघडवावें, हें योग्य नव्हे. म्हणून मीं दोन दिवस खटपट केली, आणि दोष चित्रपटाचा नसून सर्वस्वीं आमच्या मांडणीचा होता असें आढळून आलें. तीच हकीकत विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या उपयोगासाठीं येथें देत आहें.

तलाव आणि हौद

जालन्याच्या जुन्या इतिहासांत असें सांगितलें आहे कीं, जमशीदखानानें मोती तलाव बांधविला आणि त्याचें पाणी जमिनीखालच्या नळांनीं शहरांतील हौदांत आणविलें. तलावाचें पाणी कितीहि निर्मळ असलें, तरी वाटेंतील हौद गढूळ असेल तर घागरींत गढूळच पाणी येणार. चित्राचीहि गोष्ट अशीच आहे. चित्रपटाची फाईल हा तलाव समजावा. पडद्यावर येण्यापूर्वीं तिला तीन हौद लागतात. पहिला, चित्रपट चालविणारा प्लेअर. उदाहरणार्थ, पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी विद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं 1996 सालीं आरंभिलेला व आज सर्वांस फुकट मिळणारा व्हीएलसी. दुसरा, संगणकांतील ग्राफिक्स कार्ड. तिसरा, खुद्द टीव्ही.

ह्या तिघांनाहि चित्र ‘सुधारण्याची’ हौस असते. पण शेजाऱ्यानें काय केलें आहे हें कोणासच ठाऊक नसतें. एकानें उजळविलेलें चित्र दुसरा पुन्हा उजळवितो; एकानें दिलेली खूण दुसरा उलट समजतो. बहुतेक दोष ह्या गैरसमजांतून उत्पन्न होतात. तेव्हां नियम एकच लक्षांत ठेवावा: एक काम एकानेंच करावें, आणि इतरांनीं चित्रास हात न लावतां तें पुढें द्यावें.

टीव्हीची अकारण मेहनत

आरंभ टीव्हीपासून करावा. दुकानाच्या झगझगीत उजेडांत गिऱ्हाइकाची नजर खेंचण्यासाठीं ‘व्हिविड’ नांवाची भडक व्यवस्था असते. ती घरांत उपयोगाची नाहीं. तिच्या जागीं ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ ह्यांपैकीं जी व्यवस्था असेल ती निवडावी. रंगाची छटा ‘वॉर्म’ ठेवावी. प्रथम चित्र पिवळट वाटेल. परंतु डोळ्यांस संवय झाली म्हणजे पूर्वींचेंच चित्र निळसर होतें हें ध्यानांत येतें. चित्रपटाचा पांढरा रंग सुमारे 6500 केल्व्हिन ह्या प्रमाणावर ठरविलेला असतो, आणि ‘वॉर्म’ ही छटा बहुधा त्याच्या जवळपास असते. काळ्यापांढऱ्या चित्रपटांत हा फरक फार जाणवतो.

त्यानंतर ‘शार्पनेस’ कमी करावा. हा गुण चित्रांत नवीन तपशील आणीत नाहीं; केवळ वस्तूंच्या कडांभोवतीं पांढरी रेघ ओढतो. अक्षरांच्या कडेची ती रेघ नाहींशी होईपर्यंत तो खालीं आणावा. ‘नॉइज रिडक्शन’ जुन्या फिल्मचे कण पुसतांना चेहऱ्यावरच्या सुरकुत्याहि पुसून टाकतो, आणि ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ क्षणोक्षणीं उजेड बदलतो. दोन्ही बंद करावे. खोलींतील दिवे मंद करावे. टीव्हीच्या मागें एखादा लहान दिवा ठेविल्यास डोळ्यांस ताण पडत नाहीं. मात्र कोणत्याहि दिव्याचें प्रतिबिंब पडद्यावर पडतां कामा नये.

चेहरा रुंद कां झाला?

आजोबांच्या पहिल्या तक्रारीचें कारण येथें आहे. त्या काळच्या बोलपटांच्या चौकटीची रुंदी उंचीच्या 1.37 पट असे. आजच्या टीव्हीची रुंदी उंचीच्या सुमारे 1.78 पट असते. मुलांना पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या आवडल्या नाहींत, म्हणून त्यांनीं चित्र ताणून पडदा भरून काढिला होता. त्यामुळें प्रत्येक मनुष्य जवळजवळ 30 टक्क्यांनीं रुंद झाला! 1920 × 1080 पिक्सेलच्या पडद्यावर अशा चित्राची खरी रुंदी सुमारे 1480 पिक्सेल असते, व दोन्ही बाजूंस सुमारे 220 पिक्सेलची काळी पट्टी राहते. ही पट्टी म्हणजे उणीव नव्हे. ती चित्राची खरी सीमा आहे. प्लेअरमधील ‘आस्पेक्ट रेशो’ मूळच्याच मापावर ठेवावा आणि टीव्हीवरील ‘झूम’ अथवा ‘वाइड’ ह्या योजना वापरूं नयेत.

ह्याच प्रसंगीं संगणकाचें रिझोल्यूशन टीव्हीच्या स्वतःच्या पिक्सेलसंख्येइतकें आहे कीं नाहीं हेंहि पाहावें. संगणकाच्या पडद्याच्या कडा टीव्हीवर कापल्या जात असतील, तर तो ‘ओव्हरस्कॅन’ होय. जुन्या कांचेच्या नळीच्या टीव्हींत कडा झांकण्याची जी प्रथा होती तिचा हा अवशेष आहे. टीव्हीच्या सेटिंग्जमध्यें ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ निवडल्यास तो जातो.

अंधारांत हरवलेली आई

दुसरी तक्रार अधिक गंभीर होती, आणि तिचें कारण शोधण्यासच मला सर्वांत अधिक वेळ लागला. संगणक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा 0 ते 255 ह्या अंकांनीं मोजतो. चित्रपट व टीव्ही ह्यांच्या जगांत काळा 16 वर आणि पांढरा 235 वर धरण्याची रीत आहे. दोघांची भाषा एक असेल तर कांहींच अडत नाहीं. परंतु संगणकानें 0 ते 255 ह्या मापानें चित्र पाठविलें आणि टीव्हीनें तें 16 ते 235 चें समजून घेतलें, तर 16 च्या खालच्या साऱ्या छटा एकाच काळोखांत बुडतात, आणि 235 च्या वरच्या साऱ्या एकाच पांढऱ्यांत विरतात. आमच्या घरीं हेंच घडलें होतें. आई कोपऱ्यांत बसलेली होती. टीव्हीनें तिला काळोखांत ढकललें होतें. उलट प्रकारचा गैरसमज झाला, तर काळा रंग राखेसारखा करडा दिसतो व सर्व चित्र धुतल्यासारखें फिकें पडतें.

ह्याची परीक्षा कोणाहि विद्यार्थ्यास करितां येईल. संगणकावरील चित्रें काढण्याच्या कोणत्याहि साधनांत संपूर्ण काळी पाटी घ्यावी. तिच्यावर 4, 8, 12, 16 व 20 ह्या अंकांचे करडे चौकोन काढावे, म्हणजे लाल, हिरवा व निळा ह्या तिन्ही रंगांस तोच अंक द्यावा. मग खोलींत अंधार करून टीव्हीवर पाहावें. चौकोन क्रमाक्रमानें पुसटसे दिसूं लागले व पाटी काळी राहिली, तर व्यवस्था ठीक आहे. 16 पर्यंतचे चौकोन अजिबात दिसेनासे झाले, तर वर सांगितलेला दोष आहे. तो असल्यास ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंग्जमध्यें ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ पाहावी. तेथें ‘फुल’ असेल तर टीव्हीच्या ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ मध्यें त्याचाच जोडीदार निवडावा. ‘लिमिटेड’ असेल तर दोन्हीकडे लिमिटेड ठेवावें. कोणतेंहि माप चालेल. दोघांचें एकमत मात्र हवें. टीव्हीवरील ‘ब्राइटनेस’ वाढवून हा दोष झांकूं नये. त्यानें काळोख करडा होतो, बुडालेली छटा परत येत नाहीं.

चालीचा हिशेब

बोलपटांत सामान्यतः दर सेकंदास 24 चित्रें असतात. संगणक मात्र बहुधा सेकंदास 60 वेळां पडदा नवा करितो. 60 ला 24 नें भागिलें तर अडीच येतात. आणि अर्धें चित्र तर दाखवितां येत नाहीं. म्हणून एक चित्र दोन वेळां व पुढचें तीन वेळां दाखविलें जातें. कॅमेरा सावकाश फिरत असतांना दृश्य लंगडल्यासारखें कां वाटतें, ह्याचें उत्तर ह्या भागाकारांत आहे. चित्रपट पाहण्यापूर्वीं संगणकाच्या ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ मध्यें ‘रिफ्रेश रेट’ 24 करावा. टीव्हीस 120 चालत असेल तर तोहि उत्तम, कारण मग प्रत्येक चित्र बरोबर पांच वेळां येतें. भारतीय दूरदर्शनच्या पद्धतीचे कार्यक्रम सेकंदास 25 चित्रांचे असतात. त्यांस 50 योग्य. टीव्हीमधील ‘मोशन स्मूदिंग’ बंद ठेवावें, कारण तें दोन खऱ्या चित्रांमध्यें स्वतः रचलेलें खोटें चित्र घालतें.

फाळके यांच्या काळीं कॅमेरा हातानें फिरवीत. मूकपटांची गति निश्चित नसून ती सेकंदास सुमारे 16 ते 20 चित्रें इतकी असे. तीं चित्रें 24 च्या गतीनें दाखविलीं कीं माणसें तुरुतुरु पळतात आणि पाहणारीं मुलें हंसतात. ज्या प्रतींत ही गति सुधारलेली नसेल ती पाहतांना प्लेअरमधील ‘प्लेबॅक स्पीड’ कमी करावी. सोळांच्या गतीनें काढलेलें दृश्य 0.67 ह्या गतीवर ठेविलें कीं तींच माणसें माणसांसारखीं चालूं लागतात.

जुन्या टेपा आणि अडखळणारें चित्र

पुष्कळ घरीं लग्नाच्या किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या टेपांवरून उतरविलेल्या फाईली असतात. त्यांत हललेल्या हातांच्या कडा फणीच्या दांत्यांसारख्या दिसतात. अशा चित्रांत विषम व सम रेघा आलटून पालटून, सेकंदास 50 वेळां, टिपलेल्या असतात. व्हीएलसीच्या ‘व्हिडिओ’ ह्या यादींत ‘डीइंटरलेस’ चालू करून ‘याडिफ 2एक्स’ निवडल्यास दांते जातात व हालचाल सुरेख होते. फिल्मवरून पूर्ण चौकटीनें घेतलेल्या प्रतीस मात्र ही योजना लावूं नये.

चित्र मधून मधून अडखळत असेल तर दोष संगणकाच्या शक्तीचा असूं शकेल. प्लेअरमधील ‘हार्डवेअर डीकोडिंग’ चालू केल्यास कामाचा भार ग्राफिक्स कार्ड उचलतें. आणि कमी रेघांची जुनी फाईल कितीहि मोठी केली, तरी तींत नसलेला तपशील येणार नाहीं. अशा वेळीं थोडें दूर बसून पाहणें हाच उत्तम उपाय.

पुन्हा एकदां

नववर्षाच्या आदल्या दिवशीं आम्हीं तोच चित्रपट पुन्हा लाविला. पडद्याच्या बाजूंस काळ्या पट्ट्या होत्या, उजेड पूर्वींपेक्षां सौम्य होता, आणि प्रथम मुलांना हें चित्र लहान व फिकें वाटलें. दहा मिनिटांनंतर त्यांची चुळबुळ थांबली. अंधाऱ्या प्रसंगांत आई कोठें बसली आहे हें ह्या वेळीं कोणासहि विचारावें लागलें नाहीं. आजोबा शेवटपर्यंत कांहीं बोलले नाहींत. उठतांना त्यांनीं एवढेंच म्हटलें, “हा तोच.”

ह्या कामांत आम्हांस एका पैशाचाहि खर्च आला नाहीं. चित्रांत आम्हीं नवीन कांहीं घातलें नाहीं. उलट जें अकारण घातलें जात होतें तें काढिलें. विद्यार्थ्यांनीं प्रयोग करितांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि पूर्वींची स्थिति वहींत टिपून ठेवावी, म्हणजे चूक झाल्यास मागें फिरतां येईल. येत्या सुटींत आपल्या घरच्या वडील मंडळींस त्यांच्या आवडीचा चित्रपट विचारावा. तो रीतसर मिळविलेल्या प्रतीवरून, वर सांगितल्याप्रमाणें नीट मांडून त्यांना दाखवावा, आणि आपणहि त्यांच्याजवळ बसून तो पाहावा.