मॉनिटरिंगचे रेकॉर्ड कोणी उडवले? बहुतेक कुणीच नाही

एपिसोड अर्धवट राहिला असेल तर हा लिखित भाग वाचा.

महिनाअखेरीला पगाराचा बॅच जॉब दुप्पट वेळ खातो. पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला साहेब विचारतात, "त्या रात्री डेटाबेसमध्ये झालं काय?" रिपोर्ट काढायला जावं तर रेकॉर्डच गायब! मग सगळे बघतात नाइट शिफ्टच्या नवख्या डीबीएकडे. बिचाऱ्याच्या अप्रेझलचा प्रश्न असतो हो. म्हणून आधी नीट तपासू या.

ओरॅकलचं उदाहरण घेऊ. त्यात एडब्ल्यूआर, म्हणजे ऑटोमॅटिक वर्कलोड रिपॉझिटरी, दर तासाला एक स्नॅपशॉट घेते. कुठली क्वेरी किती वेळ चालली, कशासाठी अडली, सगळं त्यात असतं. पण डीफॉल्ट मुदत फक्त 8 दिवस. मुदत संपली की एममॉन ही बॅकग्राउंड प्रोसेस जुने स्नॅपशॉट स्वतःच पुसते. म्हणजे 20 तारखेला 30 तारखेची रात्र शोधणं म्हणजे कचऱ्याची गाडी गेल्यावर डबा उघडून बघणं.

तुमच्याकडची मुदत 'डीबीए_हिस्ट_डब्ल्यूआर_कंट्रोल' या व्ह्यूमध्ये दिसेल. मग 'डीबीए_हिस्ट_स्नॅपशॉट' उघडा आणि खड्डा कुठे आहे ते बघा. फक्त जुनं टोक तुटलंय? मुदत संपली, विषय संपला. अलीकडचेच नाहीत? मग काही पुसलेलं नाही, स्नॅपशॉट घेणंच बंद पडलंय. इंटरव्हल शून्य केलाय का, स्टॅटिस्टिक्स लेव्हल 'बेसिक'वर आहे का, सिसॉक्स टेबलस्पेस भरलीय का, ते बघा.

खरी गंमत मधल्या खड्ड्यात. प्रत्येक स्नॅपशॉटला ओळीने नंबर असतो. नंबर सलग आहेत पण वेळ उडी मारतेय, तर त्या काळात स्नॅपशॉट घेतलेच गेले नाहीत. डेटाबेस बंद होता का विचारा. नंबरांचा अख्खा गठ्ठाच नाही, तेव्हा मात्र कुणीतरी हाताने रेंज ड्रॉप केल्याचा संशय रास्त. तरी ऑडिट ट्रेल बघितल्याशिवाय नाव घेऊ नका.

परत मिळतील का? रिसायकल बिन वगैरे काही नाही इथे. त्या काळाचा बॅकअप असेल तर तो वेगळ्या सर्व्हरवर रिस्टोअर करून तिथला एडब्ल्यूआर डेटा काढता येतो. प्रॉडक्शनवर असले प्रयोग नकोत, प्लीज.

पुढच्यासाठी मुदत वाढवा. आकडा मिनिटांत द्यायचा असतो: 35 दिवस म्हणजे 50,400. मागचा महिना या महिन्याशी ताडून बघायचा तर एवढी मुदत हवीच, पण सिसॉक्समध्ये जागाही तेवढी लागेल. आणि गडबडीच्या रात्रीचे स्नॅपशॉट सकाळीच बेसलाइन करून ठेवा. एक्स्पायरी दिली नाही तर एममॉन त्यांना हात लावत नाही.

हां, एडब्ल्यूआर वापरायला डायग्नॉस्टिक्स पॅकचं वेगळं लायसन्स लागतं. क्वेरी मारण्याआधी कंपनीकडे ते आहे ना, विचारून घ्या.