पुस्तकाला चिकटलेली चिप

आरएफआयडी लेबल म्हणजे पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवायचा कागदी चौकोन, साधारण ५ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. उजेडासमोर धरला की आत धातूच्या पातळ पट्टीची एकात एक गेलेली वेटोळी दिसतात आणि मोहरीहून लहान असा एक काळा ठिपका. वेटोळी ही अँटेना, ठिपका ही चिप. बॅटरी कुठेच नाही. देवघेवीचे यंत्र १३.५६ मेगाहर्ट्‌झच्या लहरी सोडते, त्यांच्यामुळे वेटोळ्यात वीज खेळते, चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. बारकोड यंत्राच्या नजरेसमोर धरावा लागतो. हे लेबल नुसते जवळ असले की पुरते, म्हणून चार-पाच पुस्तकांची चळत एकदम ठेवली तरी सगळ्यांची नोंद होते.

सार्वजनिक वाचनालयांत या तंत्राच्या आरंभाचा मान सिंगापूरकडे जातो. तान चिन नाम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९४ मध्ये ‘लायब्ररी २०००’ हा अहवाल दिला आणि १ सप्टेंबर १९९५ रोजी राष्ट्रीय ग्रंथालय मंडळ स्थापन झाले. क्रिस्तोफर चिया त्याचे पहिले मुख्याधिकारी. नवी वाचनालये मॉलमध्ये, वसाहतींमध्ये उघडू लागली, वाचक लोटले आणि देवघेवीच्या खिडकीपुढच्या रांगा लांबल्या. मनुष्यबळ आधीच तुटपुंजे असलेल्या देशात प्रत्येक खिडकीमागे माणूस बसवणे परवडणारे नव्हते. नोव्हेंबर १९९८ मध्ये बुकित बातोकचे वाचनालय ही लेबले घेऊनच उघडले. २००२ पर्यंत सगळ्या सार्वजनिक वाचनालयांत ती पोहोचली, आणि त्याच वर्षी सेंगकांगला देवघेवीसाठी एकही कर्मचारी नसलेले वाचनालय सुरू झाले. पुस्तक नेताना वाचकाने आपले राष्ट्रीय ओळखपत्र यंत्राला दाखवायचे, परत करताना पुस्तक भिंतीतल्या फटीत सोडायचे. ते आत पडते न पडते तोच खात्यावरून उतरलेले असते.

बुकित बातोकची लेबले खरेदी झाली तेव्हा या व्यवहाराला आंतरराष्ट्रीय मानकच नव्हते. आयएसओ १५६९३ हे या लहरींवरच्या चिपांचे मानक २०००-०१ मध्ये आले. त्याआधी ज्या कंपनीचे लेबल, तिचेच यंत्र, तिचेच दारातले सुरक्षा गेट. पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला ही किंमत चुकत नाही. नंतर येणाऱ्याने मात्र ती भरण्याचे कारण नाही, तरीही स्वस्त दर पाहून बंदिस्त पद्धतीची लेबले घेणारी वाचनालये निघतातच.

यंत्रे आणि गेटे काही वर्षांनी बदलली जातात. लेबल पुस्तकाबरोबर राहते, ते रद्दीत जाईपर्यंत. समजा एका वाचनालयात १ लाख पुस्तके आहेत. लेबलामागे ५ सेंट वाचवले तर ५,००० डॉलर वाचतात. पण पुस्तक काढणे, लेबल चिकटवणे, चिपमध्ये दाखल क्रमांक लिहिणे आणि पुस्तक जागेवर ठेवणे याला प्रत्येकी एकच मिनिट धरले तरी १,६०० तासांहून जास्त श्रम लागतात. लेबल चुकीचे निघाले तर ते सगळे पुन्हा. खरेदीच्या बैठकीत मात्र चर्चा बहुतेक वेळा त्या ५ सेंटांचीच होते.

निविदेत पहिली गोष्ट ठरवायची ती लहरींची. १३.५६ मेगाहर्ट्‌झची, म्हणजे एचएफ लेबले हातभर अंतरावरून वाचली जातात आणि वाचनालयांत हीच जास्त रुळली आहेत. त्याहून जास्त वारंवारतेचे यूएचएफ लेबल स्वस्त पडते, लांबूनही वाचले जाते. पण शेजारच्या टेबलावरचे पुस्तकही भलत्याच वाचकाच्या नावावर चढू शकते, आणि माणसाच्या अंगातले पाणी त्या लहरी शोषते, त्यामुळे छातीशी धरलेले पुस्तक गेटातून निसटू शकते. शिवाय यूएचएफच्या पट्ट्याही देशागणिक वेगळ्या: भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ, सिंगापुरात ८६६ ते ८६९ आणि ९२० ते ९२५.

त्यानंतर चिपमध्ये काय लिहायचे. यासाठी आयएसओ २८५६० हे वाचनालयांचे खास मानक २०११ मध्ये आले. त्यात सक्तीचा असतो तो फक्त त्या प्रतीचा क्रमांक. मालक संस्थेचा संकेत, संचातला कितवा भाग, असे बाकीचे तपशील ऐच्छिक. शीर्षक किंवा वाचकाचे नाव चिपवर लिहूच नये. रस्त्यावर कुणी यंत्र रोखले तरी त्याला निरर्थक आकड्यापलीकडे काही मिळता कामा नये. एनएक्सपी कंपनीच्या आयकोड एसएलआय चिपमध्ये ११२ बाइट जागा वापरायला मिळते, आणि एवढ्या मजकुराला ती भरपूर आहे. मोठ्या स्मृतीची महागडी चिप विकू पाहणाऱ्या विक्रेत्याला ‘कशासाठी?’ एवढा एकच प्रश्न पुरतो. पुस्तक बाहेर नेण्यास मोकळे आहे की नाही हेही चिपवरच नोंदलेले असते, म्हणून संगणकाची जोडणी तुटली तरी गेट वाजते.

गोंदाकडे कुणाचे लक्ष जात नाही. सिंगापूरच्या हवेत सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. कोकणातला पावसाळा जणू बाराही महिने. अशा हवेत हलका गोंद कडेने सुटतो आणि आम्लयुक्त गोंद कागद पिवळा करतो. म्हणून आम्लरहित, कायम चिकटणारा गोंद असे निविदेत स्पष्ट लिहावे लागते. मुखपृष्ठावर चमकता धातूचा वर्ख असेल तर लेबल मुके होते. सीडीला मधल्या भोकाभोवती बसणारे गोल लेबल वेगळे घ्यावे लागते. मुलांची पातळ पुस्तके हा आणखी एक ताप: दहा पुस्तकांची लेबले बरोबर एकावर एक आली तर एकमेकांचा आवाज दाबतात. त्यावर उपाय साधा आहे. चिकटवताना जागा बदलत जायची, कधी वर, कधी मध्ये, कधी खाली.

सिंगापुरातील सरकारी संस्थांच्या निविदा ‘जीबिझ’ या सरकारी संकेतस्थळावर निघतात. तिथे असो की जिल्हा ग्रंथालयात, नमुन्याची चाचणी कागदावर होत नाही. शंभरेक लेबले मागवून आपल्याच पुस्तकांना, आपल्याच यंत्रावर, आपल्याच लोखंडी कपाटात लावून पाहावी लागतात. लेबलांच्या एका रिळामागे किती मुकी निघालेली चालतील आणि ती कोण बदलून देईल, हेही करारात हवे.

लेबल चांगले असले की त्याचा उपयोग देवघेवीपुरता राहत नाही. ग्रंथपडताळणी हे ग्रंथपालांचे सर्वांत नावडते काम. सिंगापूरच्या ए-स्टार या संशोधन संस्थेने त्यासाठी ‘ऑरॉस’ नावाचा यंत्रमानव बनवला आणि २०१६ च्या सुमारास पासिर रिस वाचनालयात तो वापरून पाहिला. वाचनालय बंद झाल्यावर तो कपाटांसमोरून फिरतो आणि हरवलेल्या वा चुकीच्या जागी ठेवलेल्या पुस्तकांची यादी तयार करतो. खरी कसरत अंतराची: अँटेना जरा लांब गेली तर लेबले ऐकू येत नाहीत, जरा जवळ आली तर फळीवर आपटते.



पुस्तक साठ्यातून काढून टाकले तरी लेबल त्यातच असते. सिंगापूरच्या मंडळाने एक्स्पो सभागृहात वेळोवेळी जुन्या पुस्तकांची विक्री केली आहे. अशा विक्रीआधी चिपवरची सुरक्षेची नोंद उतरवावी लागते. ती राहिली, तर रीतसर विकत घेतलेले पुस्तक पिशवीत टाकून कुणी दुसऱ्या वाचनालयात गेला की तिथले गेट त्याच्यावर वाजते.