गाळात टिकलेले मेण

प्राचीन हवामानाच्या अभ्यासाची साधने म्हटली की ध्रुवीय बर्फाचे स्तर आणि वृक्षांच्या खोडांतील वलये प्रथम आठवतात. परंतु ज्या प्रदेशांत ना असे हिमस्तर आहेत ना हजारो वर्षांची खोडे, तेथील हवामानाचा इतिहास बऱ्याच अंशी गाळातील सेंद्रिय रेणूंवरून उलगडावा लागतो. हे रेणू वाचण्याची विद्या ज्यांनी घडवली त्यांत जेफ्री एग्लिंटन (१९२७–२०१६) यांचे स्थान अग्रभागी आहे, तरीही अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. कार्डिफ येथे जन्मलेल्या या रसायनशास्त्रज्ञाने ग्लासगो येथे संशोधनाची पायाभरणी केली आणि १९६७ पासून ब्रिस्टल विद्यापीठात सेंद्रिय भूरसायनशास्त्राचे, म्हणजे खडक व गाळ यांतील जीवजन्य संयुगांच्या अभ्यासाचे, एक प्रमुख केंद्र उभे केले. अपोलो मोहिमेतून आलेल्या चांद्रमातीचे विश्लेषणही त्यांच्या गटाकडे आले होते. तथापि त्यांचे खरे कर्तृत्व चंद्रावर नव्हे, झाडाच्या पानावर सुरू झाले.

अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, कारण त्या पानावर मेणाचे सूक्ष्म आवरण असते. असे आवरण जवळपास सर्वच भूवनस्पतींच्या पानांवर असते आणि त्यात हायड्रोकार्बनच्या लांब साखळ्या असतात, ज्यांतील कार्बन अणूंची संख्या प्रामुख्याने विषम, म्हणजे २७, २९ किंवा ३१ अशी आढळते. वनस्पती दोन-दोन कार्बन जोडत सम संख्येची मेदाम्ले तयार करते आणि त्यांपासून हायड्रोकार्बन बनताना एक कार्बन गळतो, म्हणून ही विषमता! १९६० च्या दशकाच्या आरंभी एग्लिंटन व त्यांचे सहकारी हॅमिल्टन यांनी कॅनरी बेटांवरील वनस्पतींचे मेण वायुवर्णलेखनाने, म्हणजे मिश्रणातील घटक वायुप्रवाहात एकेक करून वेगळे करण्याच्या तंत्राने, तपासले. हेतू वनस्पतींच्या वर्गीकरणाचा होता. परंतु हे रेणू सहजी कुजत नाहीत, वारा आणि नद्या त्यांना समुद्रापर्यंत वाहून नेतात आणि तळाच्या गाळातही त्यांची विषम संख्येची खूण कायम राहते, हे लक्षात येत गेल्यावर त्या वर्गीकरणाला निराळेच मोल आले.

सागराच्या तापमानासाठी मात्र वेगळा रेणू लागला. एमिलियानिया हक्सलेयी या एकपेशीय शैवालात ३७ कार्बनांची, अल्कीनोन नावाची संयुगे असतात. पाणी थंड असेल तर त्यांत तीन दुहेरी बंध असलेल्या रेणूंचे प्रमाण वाढते, उबदार असेल तर दोन बंधांच्या. या प्रमाणावरून प्राचीन सागरपृष्ठाचे तापमान काढता येते हे ब्रासेल, एग्लिंटन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ‘नेचर’मधून मांडले, आणि पुढच्याच वर्षी प्राल व वेकहम यांनी प्रयोगशाळेत शैवाल वाढवून दर अंशाला या प्रमाणाचा निर्देशांक सुमारे ०.०३३ ने बदलतो असे दाखवले. १९८६ च्या लेखाचा गौरव योग्यच आहे. परंतु ही संयुगे नेमक्या या शैवालात तयार होतात हे जॉन व्होल्कमन यांनी एग्लिंटन यांच्यासह १९८० मध्ये दाखवले नसते, तर त्या तापमापकाला आधारच उरला नसता, आणि रेणूचा उत्पादक ओळखण्याचे हे किचकट काम मोठ्या निष्कर्षांच्या प्रसिद्धीत नेहमीच मागे पडते.

पर्णमेणाच्या अभ्यासाचा धागा पुढे महाराष्ट्रापर्यंत येतो. गोदावरीच्या मुखासमोर बंगालच्या उपसागरात, वायू-हायड्रेटच्या, म्हणजे समुद्रतळाखाली बर्फासारख्या रूपात अडकलेल्या वायूच्या, शोधासाठी आखलेल्या भारतीय मोहिमेत, गाळाचा एक स्तंभ काढण्यात आला होता. त्यातील मेणाचा अभ्यास करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाच्या लेखकांत एग्लिंटन यांचे पुत्र टिमथी यांचे नाव आहे. उष्ण आणि कोरड्या हवेत तग धरणारी बहुतेक गवते प्रकाशसंश्लेषणाचा सी-४ हा मार्ग वापरतात, आणि वृक्षांच्या तुलनेत त्यांच्या मेणात कार्बन-१३ या जड समस्थानिकाचे प्रमाण अधिक असते. त्या स्तंभात हे प्रमाण सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत हळूहळू वाढत गेले आणि नंतर टिकून राहिले. गोदावरीच्या खोऱ्याचा जवळपास निम्मा भाग महाराष्ट्रात असल्याने, हा पुरावा दख्खनच्या पठारावरील वनस्पतींच्या बदलाचाही आहे.

तरीही येथे सावधगिरी हवी. अशा आलेखांवरून ‘दुष्काळाने संस्कृती बुडाली’ असे मथळे चटकन तयार होतात. परंतु मेणातील कार्बनचे हे प्रमाण पाऊस मोजत नाही, ते केवळ कोणत्या प्रकारची वनस्पती होती हे सांगते, आणि ज्वारी-बाजरीही सी-४ गटातील असल्याने जंगल तोडून केलेल्या शेतीची आणि कोरड्या पडलेल्या माळरानाची नोंद गाळात एकाच दिशेने उमटू शकते. म्हणूनच त्या निबंधातील दुसरा पुरावा अधिक मोलाचा ठरतो: त्याच स्तंभातील फोरामिनिफेरा या सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांतील ऑक्सिजन समस्थानिके गेल्या ३,००० वर्षांत, विशेषतः १,७०० वर्षांपूर्वीनंतर, उपसागराची क्षारता वेळोवेळी विलक्षण वाढल्याचे दर्शवतात, म्हणजे त्या काळात नद्यांचे गोडे पाणी खरोखरच कमी पोहोचत होते.