दगडाची वीण आणि खनिजसंपत्तीचा हिशेब

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील कुंभकोणम हा भातशेतीचा परिसर होय. येथील मूळ खडक नदीच्या गाळाखाली खोलवर गाडला गेला असल्याने बांधकामाचा कठीण दगड जवळपास मिळत नाही. तरीही शहरालगतच्या दारासुरम येथे बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोलाने ऐरावतेश्वराचे पाषाणमंदिर उभारले. २००४ साली त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. या मंदिरासाठी दगड दुरून आणण्याचा खर्च व श्रम सोसण्यात आले, ते त्याच्या टिकाऊपणासाठी. हा गुण खडकाच्या पोतावर अवलंबून असतो.

अग्निजन्य किंवा गाळाचे खडक भूकवचात खोलवर दडपले गेले, की उष्णता व दाब यांमुळे ते न वितळता बदलू लागतात. जुनी खनिजे नव्याने स्फटिकरूप घेतात. यालाच रूपांतरण म्हणतात. दाब एका दिशेने अधिक असल्यास अभ्रकासारखी पत्रीदार खनिजे त्या दिशेला काटकोनात रांगेने मांडली जातात. चिखलापासून बनलेल्या खडकाचा प्रथम पाटीचा दगड होतो, तापमान वाढल्यावर चकचकीत सुभाजा आणि अखेरीस फिकट व गडद पट्ट्यांचा पट्टिताश्म तयार होतो. चुनखडकाचा मात्र संगमरवर होतो.

तामिळनाडूच्या डोंगरांत पट्टिताश्माबरोबर चार्नोकाइट हा खडक विपुल आहे. कोलकात्यातील जॉब चार्नॉक यांच्या थडग्याचा दगड याच जातीचा असल्याने थॉमस हॉलंड यांनी १८९३ साली त्याला हे नाव दिले. हॉलंड यांनी तो अग्निजन्य मानला होता. दक्षिण भारतातील बराचसा चार्नोकाइट सुमारे ७०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात रूपांतरित झाल्याचे पुढील संशोधनातून दिसून आले. अशा तापमानात पाणी धारण करणारी खनिजे विघटित होऊन पायरोक्सीन तयार होते आणि कण एकमेकांत घट्ट गुंततात. त्यामुळे दगडात छिद्रे अत्यल्प राहतात व पाणी सहसा मुरत नाही. पाटीचा दगड पापुद्र्यांत फुटतो, म्हणून तो छपराला उपयोगी. घट्ट विणीचा दगड मात्र स्तंभ, मूर्ती व शिलालेख यांना योग्य. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आजही वाचता येतो.

बाजारात मात्र पट्टिताश्म, चार्नोकाइट व खरा ग्रॅनाइट हे सारे ‘ग्रॅनाइट’ या एकाच नावाने विकले जातात. रंग, पट्ट्यांची नक्षी आणि भेगांचा अभाव यांवर किंमत ठरते. अखंड ठोकळ्यांनाच मागणी असल्याने खाणीतील बराच दगड वाया जातो. वैज्ञानिक उत्खननाच्या हेतूने केंद्र सरकारने १९९९ मध्ये ग्रॅनाइट संवर्धन व विकास नियम केले. तरीही मदुराई जिल्ह्यातील बेकायदा उत्खननाचे प्रकरण २०१२ मध्ये गाजले. त्याच जिल्ह्यातील अरिट्टापट्टी परिसर २०२२ मध्ये जैवविविधता वारसास्थळ घोषित झाला.

जंगल पुन्हा वाढविता येते, विहिरीला पुन्हा पाणी येते. कोट्यवधी वर्षांत घडलेला खडक मात्र एकदाच काढता येतो. म्हणून स्वामित्वधन हे केवळ महसुलाचे साधन नसून संपत चाललेल्या भांडवलाचा मोबदला आहे. खाण परिसरातील पाणी, शेती आणि आरोग्य यांवर त्याचा विनियोग झाला, तरच हा हिशेब जुळेल.