केशकर्तनालयातून येणारा रुग्ण : ऋतू, केशपात आणि आपली चिकित्सा

शरद ऋतूचे आगमन झाले की आपल्या चिकित्सालयांत एका तक्रारीची वर्दळ सुरू होते. रुग्ण, बहुधा स्त्री, पर्समधून कागदात गुंडाळलेली गुंतवळ काढून टेबलावर ठेवते आणि म्हणते, "डॉक्टर, हे एका दिवसाचे आहेत." आपण नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, निद्रा व मलप्रवृत्तीची चौकशी करतो आणि भृंगराज, आमलकी, यष्टीमधु यांपैकी काहीतरी लिहून देतो. तथापि हा रुग्ण आपल्यापर्यंत येण्याआधी एका व्यक्तीने त्याचे मस्तक अनेकदा जवळून पाहिलेले असते. ती व्यक्ती म्हणजे त्याचा केशकर्तनकार. या व्यवसायाशी आपला संवाद जवळजवळ नाही. ही उणीव आम्हांस एका चुकीमुळे उमगली. ती चूक वैद्यबंधू-भगिनींपुढे निःसंकोचपणे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

एका चुकीची हकिकत

सुमारे सव्वीस वर्षे वयाची एक परिचारिका केशपातासाठी आमच्याकडे आली. रात्रपाळी, अवेळी भोजन, वारंवार चहा, अम्लपित्त असा सारा इतिहास होता. पित्तप्रधान खालित्य असे निदान करून आम्ही पित्तशामक औषधे, शिरोभ्यंग आणि अणुतेलाचे नस्य दिले. अम्लपित्त शमले, झोप सुधारली, पण कपाळालगतचे व कानशिलांवरचे केस विरळच होत राहिले. सहा महिने आम्ही मात्रा आणि अनुपान बदलत राहिलो.

पुढे ती केस कापावयास गेली असता तेथील केशरचनाकार भगिनीने तिला परत आमच्याकडे पाठविले आणि सोबत निरोप दिला. तो ऐकून आम्ही स्वतःच त्या भगिनीस भेटावयास गेलो. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, रागावू नका, पण तुम्ही तिचा अंबाडा सोडून पाहिलात का? रोज दहा-बारा तास ती केस घट्ट मागे ओढून बांधते. केस फक्त जिथे ताण पडतो तिथेच गेलेत. मागचा शेपटा बघा, अजून जाड आहे."

निदान अचूक होते. सततच्या ताणाने रोमकूप दुखावतात. आरंभी बांधलेल्या जागी वेदना होते, बारीक पुळ्या येतात, केसांची कड मागे सरकते आणि कडेला आखूड, बारीक केसांची झालर तेवढी उरते. या अवस्थेत ताण थांबविला तर केस पुन्हा येतात. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास रोमकूप कायमचे नष्ट होतात. आमच्या रुग्णेने अंबाडा सैल केला, तेव्हा बहुतांश केस परतले. डाव्या कानशिलावरील एक पट्टा मात्र परतला नाही. त्या सहा महिन्यांचा हिशेब आम्हांस अजून अस्वस्थ करतो. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आपण नित्य शिकवितो. तेच आम्ही विसरलो होतो.

ऋतूनुसार केशभूषा : त्या भगिनीचे सल्ले

त्यानंतर आम्ही त्यांच्याशी वेळोवेळी चर्चा केली. तीस वर्षांच्या निरीक्षणातून आलेले त्यांचे सल्ले आपल्या ऋतुचर्येशी ताडून पाहण्यासारखे आहेत.

वर्षा ऋतूत ओले केस बांधू नयेत, हा त्यांचा पहिला सल्ला. दमट हवेत केस फुगतात, म्हणून सपाट करून घेण्याची मागणी याच काळात वाढते. यासाठीच्या काही द्रावणांतून उष्णतेने फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो. डोळे चुरचुरणे, घसा धरणे ही त्याची खूण आहे. त्या स्वतः हे काम करीत नाहीत. कोंडा असणाऱ्यास रात्रभर तेल ठेवू नका, असेही त्या सांगतात. हे आपणांस प्रथम रुचत नाही. परंतु कोंड्याशी संबंधित मॅलेसेझिया ही बुरशी स्निग्ध द्रव्यांवरच पोसते, हे ध्यानी घेतले पाहिजे. दारुणकात सिद्ध तेल द्यावयाचे तर ते अर्ध्या-पाऊण तासात धुऊन टाकण्याची सूचना चिठ्ठीवर लिहावी.

शरदात गळती वाढते, तेव्हा लोक घाबरून एकाच महिन्यात तीन तेले आणि चार शाम्पू बदलतात. त्या अशांना आखूड, सरळ कडेची कापणी सुचवितात. अनेक थरांच्या कापणीने विरळ केसांची टोके अधिकच विरळ दिसतात, तर सरळ कडेने ते दाट भासतात. भांगाची जागाही अधूनमधून बदलावी, असे त्या सांगतात.

हेमंत-शिशिरात लग्नसराई असते. जड गंगावन, कृत्रिम केस आणि तासन्‌तास ताणलेल्या रचना यांचा हा हंगाम. त्या नववधूस एवढेच सांगतात, "दुखतंय म्हणजे घट्ट झालंय." केसांचा रंग लावण्यापूर्वी कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस थोडा लावून 48 तास वाट पाहण्याचा त्यांचा दंडक आहे. काळ्या रंगातील पीपीडी या द्रव्याने तीव्र त्वग्‌दाह होऊ शकतो. 'काळी मेंदी' या नावाने विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही ते असू शकते, हे फार्मसीधारकांनी विसरू नये. ग्रीष्मात घामामुळे केस आखूड ठेवण्याकडे कल असतो आणि त्यास त्यांची संमतीच असते.

गळती आज, कारण तीन महिन्यांपूर्वी

मस्तकावर सुमारे एक लक्ष केस असतात व रोज पन्नास ते शंभर गळणे स्वाभाविक आहे. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, नंतर सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि मग गळतो. म्हणून तीव्र ज्वर, प्रसूती, शस्त्रक्रिया वा कठोर उपवास यांचा परिणाम दोन-तीन महिन्यांनी दिसतो. 2020 व 2021 मधील कोविडच्या लाटांनंतर आपण सर्वांनी हे पाहिले. आश्विनात आलेल्या रुग्णास केवळ आश्विनातील आहार विचारून भागत नाही. आषाढात काय घडले, तेही विचारावे लागते.

ऋतूचा प्रभाव आधुनिक निरीक्षणांतही आढळतो. स्वित्झर्लंडमधील 823 स्त्रियांचा एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विश्रांत अवस्थेतील केसांचे प्रमाण जुलैत सर्वाधिक आढळले, म्हणजे गळती शरदाच्या सुमारास येते. तेथील हवामान आपले नव्हे, त्यामुळे वर्षेतील पित्तसंचय व शरदातील प्रकोप यांचा हा पुरावा म्हणून मिरविणे योग्य होणार नाही. साम्य मात्र विचार करावयास लावणारे आहे. अशी गळती बहुधा आपोआप थांबते. तिचे श्रेय तेलास देण्याचा मोह आपण टाळावा.

इंद्रलुप्त, खालित्य आणि बुलढाण्याचा धडा

इंद्रलुप्तात केस एकाएकी जातात व खालित्यात क्रमाक्रमाने, हा भेद वाग्भटाने केला आहे. चाईचा पहिला नाण्याएवढा चट्टा मानेवर असेल तर तो रुग्णास दिसतच नाही, केशकर्तनकारास दिसतो. वात-पित्ताने केस गळल्यानंतर कफ रक्तासह रोमकूप अडवितो, ही सुश्रुताची संप्राप्तीही येथे स्मरते. त्वचा गुळगुळीत व चकचकीत होऊन रोमकूपांची छिद्रेच दिसेनाशी झाली असतील, तर वेळ न दवडता त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. पांडुता वा थायरॉइडची शंका आल्यास रक्ततपासणी करून घ्यावी. रुग्ण मिनॉक्सिडिल लावतो का, ते नुकतेच सोडले का, हेही विचारावे. ते सोडल्यावर काही महिन्यांत त्याने राखलेले केस गळतात आणि दोष मात्र आपल्या औषधावर येतो.

डिसेंबर 2024 व जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, कठोरा इत्यादी गावांतील लोकांचे केस तीन-चार दिवसांत गळून टक्कल पडले. प्रथम पाणी, बुरशी, शाम्पू यांवर संशय गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांची व धान्याची तपासणी करून रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखविले. त्यानंतर काही रुग्णांची नखेही गळाल्याचे वृत्त आले. केस व नखे हे दोन्ही अस्थिधातूचे मल आहेत, असे आपण पाठ म्हणतो. मग केशपाताच्या प्रत्येक रुग्णाची नखे पाहणे, आणि एकाच गावातून अनेक रुग्ण आल्यास तेलाची बाटली हाती देण्याऐवजी आरोग्य विभागास कळविणे, हे आपल्याच शास्त्रास धरून होईल.

धीर देणे हीही चिकित्सा

कर्करोगाच्या रसायनचिकित्सेत अनेक औषधांनी दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. ती भगिनी अशा स्त्रीस केस आधीच आखूड करण्यास सुचविते, दुकान बंद असण्याच्या दिवशी बोलावते आणि आरसा झाकून ठेवते. रुग्णेने मागितला तरच तो उघडते. हे आम्ही ऐकले आणि आमच्या तपासणीच्या खोलीतील दिवा, आरसा व उघडे दार यांचा प्रथमच विचार केला. चिकित्सा संपल्यावर केस बहुधा काही महिन्यांत पुन्हा येऊ लागतात, एवढे एक वाक्य आश्वासन म्हणून पुरेसे असते. त्याहून मोठे आश्वासन देऊ नये.

फार्मसीधारकांनाही हेच निवेदन आहे. 1945 च्या औषध नियमांतील परिशिष्ट 'जे' मध्ये जे रोग बरे करण्याचा दावा औषधाने करू नये, त्यांच्या यादीत टक्कल व अकाली केस पिकणे यांचा समावेश आहे. 'पंधरा दिवसांत नवे केस' असे छापणाऱ्याचे तेल एकदा खपते आणि त्यासोबत आपल्या सर्वांची पत जाते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. गणित ग्राहकालाही येते.

आता आम्ही केशपाताच्या प्रत्येक रुग्णाचे केस मोकळे सोडावयास सांगून, उजेडात, चारही बाजूंनी मस्तक पाहतो. दर्शन ही परीक्षा आपल्या शास्त्रात प्रथम सांगितली आहे. आपापल्या गावातील केशकर्तनकाराशी एकदा तरी बोलावे, आपला पत्ता त्यास द्यावा आणि त्याने पाठविलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, ते त्यास आवर्जून कळवावे, ही वाचकांस आमची विनंती आहे.