तातडीचं दार (भाग ५) : कॅज्युअल्टी तुंबते कुठे?

एका खोलीतून दुसऱ्या खोलीत रुग्ण ढकलत न्यायचा, एवढंच ट्रॉलीचं काम. इंग्लंडमधल्या इस्पितळांत हिवाळ्यात माणसं तिच्यावर अख्खी रात्र काढतात. डोक्यावर रात्रभर जळणारी ट्यूबलाइट, पायाशी कपड्यांची पिशवी, कुशीला भिंत. डॉक्टर तपासणार तेही येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. या प्रकाराला तिथे ‘कॉरिडॉर केअर’ असं गोंडस नाव आहे. जानेवारी २०२५मध्ये लंडनच्या एका इस्पितळाने खास कॉरिडॉरमधल्या पाळ्यांसाठी परिचारिका हव्यात, अशी जाहिरातच दिली. अडचण पगारावर आली म्हणायची!

हा तोच देश, जिथे कॅज्युअल्टीत आलेल्या शंभरातल्या ९८ जणांचा निकाल चार तासांत लागलाच पाहिजे, असा दंडक २००४च्या सुमारास घातला गेला. त्यात चलाखीही झाली. चार तास भरत आले की शेवटच्या काही मिनिटांत रुग्ण भराभर हलवले जात, हे आकडेवारीतच उघडं पडलं. पण रांगा खरोखर आखूडही झाल्या. २०१०मध्ये ९८चे ९५ झाले आणि २०१५च्या उन्हाळ्यानंतर तेही गाठता आलेले नाहीत. डिसेंबर २०२२मध्ये बेडसाठी १२ तासांहून अधिक खोळंबलेल्यांची संख्या ५४ हजारांवर गेली. यात घड्याळ सुरू होतं ते दाखल करायचं ठरल्यावर. त्याआधी खुर्चीवर गेलेले तास हिशेबातच नाहीत.

गर्दी दिसली की पहिला राग निघतो तो सर्दी-पडशासाठी येणाऱ्यांवर. ते रांग वाढवतात, हे खरं. पण त्यांना बेड लागत नाही. गोळ्या घेऊन ते घरी जातात. अडकतो तो न्यूमोनियाचा म्हातारा. त्याला तपासून झालेलं असतं, सलाईन लागलेलं असतं, केसपेपरवर ‘दाखल करा’ लिहिलेलं असतं. फक्त वरच्या वॉर्डात जागा नसते. तो हलत नाही, म्हणून त्याची ट्रॉली सुटत नाही, म्हणून बाहेर रुग्णवाहिका आतल्या रुग्णासकट उभी राहते. मोरी तुंबली की नळाला दोष देऊन काय उपयोग? जाळी उचलून बघावी लागते.

ती जाळी वरच्या मजल्यावर आहे. १९९९मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक गणिती अभ्यास आला होता. इस्पितळातले ८५ टक्क्यांहून जास्त बेड भरले की धोका जाणवू लागतो आणि ९०च्या वर गेलं की बेडची टंचाई वारंवार येते, असा त्याचा निष्कर्ष. रिकामा बेड म्हणजे उधळपट्टी असं हिशेबनिसाला वाटतं. कॅज्युअल्टीचा श्वास मात्र त्यावरच चालतो. जानेवारी २०२३मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे १४ हजार बेडवर घरी जाण्याजोगे बरे झालेले रुग्ण होते. खुब्याचं हाड जुळलेल्या आजीला घरी सोडायचं, तर सकाळी उठवायला, न्हाऊ घालायला कोण? वृद्धाश्रमात जागा नाही, घरी येऊन मदत करणारी माणसं पुरेशी नाहीत. म्हणून आजी वॉर्डात आणि तिच्या जागेची वाट पाहणारा खाली कॉरिडॉरमध्ये.

या खोळंब्याचा हिशेब २०२२मध्ये मांडला गेला. इस्पितळात आल्यापासून सहा-आठ तासांपुढे बेड न मिळालेल्या दर ८२ दाखल रुग्णांमागे महिन्याभरात एक जास्तीचा मृत्यू.

न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक इस्पितळात डॉ. पीटर व्हिसेलिओ यांनी साधाच उपाय काढला. कॅज्युअल्टी भरली की दाखल झालेले रुग्ण वर पाठवायचे आणि ते प्रत्येक वॉर्डाच्या कॉरिडॉरमध्ये एक-दोन असे वाटून घ्यायचे. एका ठिकाणी वीस जण ताटकळण्यापेक्षा दहा ठिकाणी दोन-दोन. रुग्णांना विचारलं, तर बहुतेकांनी वॉर्डातलाच कॉरिडॉर पसंत केला.

मुंबईच्या केईएम किंवा सायनच्या सिस्टरांना यात नवल वाटणार नाही. पालिकेच्या इस्पितळांत दोन खाटांच्या मध्ये गादी टाकून ‘फ्लोअर पेशंट’ घेण्याची रीत जुनीच आहे. फरक एवढाच, की स्टोनी ब्रुकमध्ये ती कॅज्युअल्टी भरल्यावर वापरायची तरतूद आहे आणि इथे रोजचा कारभार. शिवाय इथल्या आजीला न्यायला मुलगा रिक्षा घेऊन दाराशी येतो. तुंबारा होतो तो जिल्ह्या-तालुक्यांतून ‘पुढे न्या’ अशी चिठ्ठी घेऊन आलेल्यांचा.

(पुढच्या आठवड्यात : ‘पुढे न्या’ची चिठ्ठी कोण लिहितं आणि का?)